मेंदूच्या दोन बाजू आणि मधला पूल



मागील अंकात फेफऱ्याच्या गोळ्यांविषयी मी चार शब्द लिहिले होते. ते वाचून काही जणांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "सिस्टर, फेफरे थांबावे म्हणून मेंदू मधोमध कापतात म्हणे. हे खरे का? आणि तसे केल्यावर माणूस एकच राहतो की त्याचे दोन होतात?"

थोडक्यात उत्तर असे: अशी शस्त्रक्रिया आहे. तिच्यात सगळा मेंदू कापत नाहीत, दोन बाजूंना जोडणारा एक पट्टा तेवढा कापतात. आणि माणूस घरी परततो तो एकच माणूस म्हणून. पण हे उत्तर इतक्यावर सोडून देण्यासारखे नाही. या शस्त्रक्रियेने मनुष्याच्या मनाविषयी जे दाखवून दिले, ते आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला वाटते.

फेफरे कसे पसरते

फीट, आकडी, मिरगी, अपस्मार, फेफरे ही सर्व एकाच आजाराची नावे. मेंदूतील पेशी अतिशय सूक्ष्म विजेच्या साहाय्याने एकमेकींना निरोप देतात. एरवी हे काम शिस्तीत, आळीपाळीने चालते. फेफऱ्यात मात्र असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच ठेक्यात निरोप सोडू लागतात. वर्गातील सगळी मुले एकदम ओरडू लागली तर कोणाचेच काही ऐकू येत नाही, तसे होते.

हा गोंधळ मेंदूच्या एका कोपऱ्यात राहिला तर एखादा हात उडतो, तोंड वाकडे होते, किंवा माणूस क्षणभर शून्यात पाहत राहतो. तो दोन्ही बाजूंना पसरला की शुद्ध हरपते, अंग ताठ होते, माणूस कोसळतो आणि हातपाय झाडू लागतो. जन्मताना बाळ गुदमरणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, फीतकृमीची गाठ मेंदूत होणे ही त्याची काही कारणे. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

आता हा गोंधळ एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जातो कसा? अक्रोड फोडून पाहा. आतला गर दोन भागांत असतो आणि मधे जोडलेला असतो. मेंदूही दिसायला साधारण तसाच. डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो, उजवा भाग डावी बाजू. बहुतेकांच्या बाबतीत बोलण्याचे काम डाव्या भागाकडे असते. या दोन भागांना जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा आहे. त्यात सुमारे २० कोटी तंतू असतात. डॉक्टर त्याला कॉर्पस कॅलोझम म्हणतात, आपण त्याला पूल म्हणू. रोजच्या निरोपांची ये-जा याच पुलावरून होते, आणि फेफऱ्याचे वादळही मुख्यतः याच पुलावरून पलीकडे जाते.

पूल तोडण्याचा विचार

अमेरिकेतील रोचेस्टर शहरातील शल्यचिकित्सक विल्यम व्हॅन वॅगेनेन यांच्या लक्षात आले की ज्या रुग्णांचा हा पूल गाठीमुळे निकामी होत जातो, त्यांचे झटके कधी कधी कमी होतात. मग आपणच तो कापला तर? १९४० च्या सुमारास त्यांनी दहाएक रुग्णांवर हा प्रयोग केला. काहींना गुण आला, काहींना आला नाही, आणि ही पद्धत मागे पडली. त्या रुग्णांची मानसिक तपासणीही झाली होती, पण त्यांच्यात फारसा फरक आढळला नाही. एवढा मोठा पूल तुटूनही काही बिघडत नाही, तर तो आहे तरी कशासाठी, असा प्रश्न पडला. मेंदूचे दोन भाग लोंबू नयेत एवढ्यापुरताच तो असावा, अशी थट्टाही शास्त्रज्ञ करीत.

त्यानंतर वीस वर्षांनी लॉस एंजेलिसमधील व्हाइट मेमोरियल रुग्णालयात हा विषय पुन्हा निघाला. हे रुग्णालय ॲडव्हेंटिस्ट मंडळीने उभारलेले. तेथे एक माजी सैनिक उपचार घेत होता. शास्त्रीय लेखनात त्याची ओळख डब्ल्यू. जे. एवढीच आहे. दुसऱ्या महायुद्धात तो शत्रूच्या हाती सापडला होता आणि त्याच्या डोक्यावर बंदुकीच्या दस्त्याचा घाव बसला होता. पुढे त्याला फेफरे जडले. औषधांनी झटके आटोक्यात येईनात. फेब्रुवारी १९६२ मध्ये फिलिप व्होगेल आणि जोसेफ बोगन या डॉक्टरांनी त्याचा पूल पूर्ण कापला. त्याचे मोठे झटके जवळजवळ थांबले. तो बोलत होता, चालत होता, घरच्यांना ओळखत होता. भेटायला येणाऱ्याला त्याच्यात काही वेगळे दिसले नसते.

मुक्या बाजूची साक्ष

जवळच्या कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रॉजर स्पेरी नावाचे शास्त्रज्ञ होते. मांजरांचा हा पूल कापला, आणि डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात तो छेदही तोडला, तर एका बाजूने शिकलेले दुसऱ्या बाजूला ठाऊक नसते, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच दाखवले होते. माणसांत असे काही घडते का, हे तपासण्याचे काम त्यांनी मायकेल गॅझानिगा या विद्यार्थ्याकडे सोपवले.

तपासणीची रीत साधी होती. रुग्णाने पडद्यावरील मधल्या ठिपक्याकडे टक लावून पाहायचे. मग ठिपक्याच्या डावीकडे किंवा उजवीकडे एखादे चित्र किंवा शब्द क्षणभर चमकवायचा, डोळे हलायच्या आत. ठिपक्याच्या उजवीकडचे दृश्य डाव्या मेंदूला पोचते, डावीकडचे उजव्या मेंदूला. तुमच्या-आमच्या बाबतीत पूल शाबूत असतो, म्हणून एकाला दिसलेले लगेच दुसऱ्याला कळते. या रुग्णांत ती वाट बंद होती.

उजवीकडे चित्र दाखवले की रुग्ण चटकन त्याचे नाव सांगे. डावीकडे दाखवले की म्हणे, "मला काहीच दिसले नाही." पण त्याच वेळी त्याचा डावा हात पडद्यामागे चाचपडत नेमकी तीच वस्तू उचलून दाखवी! "की-रिंग" हा शब्द असा दाखवला की "की" डावीकडे पडेल आणि "रिंग" उजवीकडे. काय दिसले असे विचारल्यावर रुग्ण सांगे, "रिंग." डावा हात मात्र वस्तूंच्या ढिगातून किल्ली शोधून काढी.

रंगीत ठोकळे जुळवून नमुना तयार करायला सांगितले तेव्हा डब्ल्यू. जे. च्या डाव्या हाताला ते सहज जमले. उजव्या हाताला काही केल्या जमेना. तेव्हा डावा हात मदतीला पुढे येऊ लागला, इतका की त्याला आवरून धरावे लागले.

त्या काळापर्यंत मेंदूच्या उजव्या भागाला शास्त्राच्या भाषेत दुय्यम भाग म्हणत. तो बोलत नाही, म्हणून त्याला समजतही नसावे, असा सर्वसाधारण ग्रह होता. या रुग्णांनी दाखवून दिले की तो भाग वस्तू ओळखतो, साधे शब्द समजतो, आणि काही कामांत बोलणाऱ्या भागाहून सरस आहे. त्याच्यापाशी फक्त वाचा नव्हती. कोणीतरी त्याच्या हातात वस्तू देऊन विचारीपर्यंत त्याला काय ठाऊक आहे हे कोणालाच कळले नव्हते. या कामासाठी स्पेरी यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

बोलणाऱ्या बाजूची सवय

पुढे गॅझानिगा आणि जोसेफ लेडू यांनी दुसऱ्या एका रुग्णाला एकाच वेळी दोन चित्रे दाखवली. बोलणाऱ्या डाव्या मेंदूला कोंबडीचा पाय, मुक्या उजव्या मेंदूला बर्फाने झाकलेले घर. मग समोर ठेवलेल्या चित्रांतून जुळणारे चित्र निवडायला सांगितले. उजव्या हाताने कोंबडी निवडली, डाव्या हाताने बर्फ उपसायचे फावडे. दोन्ही बरोबर.

मग विचारले, "फावडे का?" बोलणाऱ्या बाजूला बर्फाचे काहीच ठाऊक नव्हते. तरीही रुग्ण जराही न अडखळता म्हणाला की कोंबडीचा पाय कोंबडीचा, आणि कोंबड्यांचे खुराडे साफ करायला फावडे लागतेच. तो खोटे बोलत नव्हता. त्याला स्वतःला ते पटलेले होते. कारण ठाऊक नसले की मेंदूचा बोलका भाग स्वतःच एखादे कारण जुळवतो आणि ते खात्रीने सांगतो.

हे वाचताना मला आमच्या पाड्यांवरचे संवाद आठवतात. मूल कोसळले की का कोसळले हे कोणालाच ठाऊक नसते, पण कारण मात्र लगेच तयार असते. कोणी म्हणते बाहेरची बाधा, कोणी म्हणते करणी, कोणी म्हणते आईने काही पाळले नाही. आणि हे केवळ पाड्यावरच घडते असे समजू नका. शहरातील शिकलेल्या घरांतही "मुलगी नाटक करते" किंवा "लग्न झाले की बरे होईल" हे तितक्याच खात्रीने सांगितले जाते. ही सवय मनुष्यमात्राची आहे. म्हणून रागावून उपयोग नाही. खरे कारण शांतपणे, पुन्हा पुन्हा सांगत राहणे हाच उपाय.

मग माणूस एक की दोन?

या प्रश्नावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. स्पेरी यांचा कल दोन स्वतंत्र जाणिवा मानण्याकडे होता. २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमचे संशोधक याइर पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दोन रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. डावीकडच्या आणि उजवीकडच्या चित्रांची एकमेकांशी तुलना त्या रुग्णांना करता येईना, पण काहीतरी दिसले आणि कोठे दिसले हे ते कोणत्याही हाताने किंवा तोंडाने सांगू शकत. म्हणजे दृष्टी विभागली, पण पाहणारा एकच राहिला, असे त्यांचे म्हणणे.

रोजच्या जीवनात तर हे रुग्ण एकच व्यक्ती म्हणून वावरतात. मेंदूच्या तळाकडील जोड कापलेले नसतात, शरीर एकच असते, आणि डोळे फिरवताच दोन्ही भागांना सारखेच दिसते. सुरुवातीच्या काळात काहींचा एक हात सदऱ्याची गुंडी लावतो आणि दुसरा सोडतो, असे घडलेले आहे. पुष्कळांत हे हळूहळू निवळते. काही मुले तर हा पूल नसतानाच जन्माला येतात, आणि त्यांचा मेंदू इतर वाटा शोधतो. "हा डाव्या मेंदूचा, तो उजव्या मेंदूचा" अशी माणसांची जी वाटणी हल्ली ऐकू येते, तिला मात्र या संशोधनाचा आधार नाही. आपण सर्व जण दोन्ही बाजू वापरतो.

आपल्या रुग्णांसाठी

आज ही शस्त्रक्रिया क्वचितच करतात. अनेक औषधे देऊनही ज्यांना अचानक धाडकन पाडणारे झटके येतात, डोके फुटते, दात पडतात, अशांसाठी, मुख्यतः मुलांसाठी, तिचा विचार होतो. पुष्कळदा पुलाचा पुढचा दोन-तृतीयांश भागच कापतात. झटके पूर्ण थांबतील असे वचन कोणी देत नाही. पडणे कमी व्हावे हा हेतू असतो. फेफऱ्यावरील इतरही शस्त्रक्रिया आहेत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून त्यांचा स्वतंत्र कार्यक्रम चालतो.

परंतु बहुतेकांना सुरीची गरजच नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना फेफरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे योग्य निदान आणि उपचार मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांवाचून जगू शकतात. फिनोबार्बिटोनसारखी जुनी, स्वस्त गोळीही पुष्कळांना पुरते. अट एकच: ती रोज मिळाली पाहिजे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकदम बंद करता कामा नये. एकदम बंद केल्यास झटके जोराने परततात.

कोणाला झटका आला तर एवढे करा. आजूबाजूची दगड, विस्तव, भांडी दूर करा. डोक्याखाली मऊ काही ठेवा. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा आणि त्याला कुशीवर वळवा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा किंवा चप्पल नाकाला लावून झटका थांबत नाही. तो बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. पाच मिनिटांच्या वर चालला, किंवा शुद्ध येण्याआधी दुसरा आला, तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

आणि एक विनंती. झटका ओसरल्यावर काही वेळ रुग्णाला बोलता येत नाही. तो नुसता पाहत राहतो. त्या वेळी त्याच्या उशाशी बसून "याचे कसे व्हायचे, याला कोण मुलगी देणार" असे बोलू नका. त्याला उत्तर देता येत नाही म्हणजे त्याला काही समजत नाही असे धरून चालू नका. त्याचा हात हातात घ्या, त्याचे नाव घ्या, आणि तो कोठे आहे हे त्याला सांगा.