दीड महिन्याच्या बाळाची रोटाची लस आली कुठून?

मैत्रिणींनो, बाळाला दीड महिन्याच्या लसीला नेलं की पोलिओच्या थेंबांसोबत तोंडातून आणखी एक लस देतात. ती रोटाची. रोटा विषाणूमुळे लहान बाळांना जोराचे जुलाब होतात आणि अंगातलं पाणी जाऊन बाळ दगावूही शकतं.

गोष्ट १९८५-८६ची. दिल्लीच्या एम्स रुग्णालयात काही नवजात बाळांच्या पोटात रोटा विषाणू सापडला, पण बाळं ठणठणीत! पुढे त्यांना जुलाबाचा मोठा त्रासही कमी झाला. डॉ. महाराज किशन भान यांनी हे हेरलं. या विषाणूपासूनच लस करता येईल का? (या विषाणूत एक अंश गाईगुरांच्या रोटा विषाणूचा आहे. वासरांनाही हगवण लागते ती याच जातीच्या विषाणूने.)

एकट्या रुग्णालयाचं हे काम नव्हतं. १९८७ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या सरकारांनी लस संशोधनाचा करार केला. विषाणू अमेरिकेतल्या सरकारी प्रयोगशाळांत तपासला गेला, हैदराबादच्या भारत बायोटेकने लस बनवली. आपल्या सरकारने पैसा घातला, तसा अमेरिका, नॉर्वे आणि ब्रिटनच्या सरकारांनीही. म्हणजे तिथल्या लोकांच्या कराचा पैसा. खासगी देणग्याही होत्या. सरकारी पैसा लागल्यावर लस स्वस्त हवीच; कंपनीने एका डोसला एक डॉलर हा भाव कबूल केला. तेव्हा परदेशी लसीचा एक डोस बाजारात हजाराच्या आसपास होता.

पण पैशाने सगळं होत नाही. लस लागू पडते का, हे बाळांवरच कळतं. २०११ पासून दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातलं वढू इथे ६,७९९ बाळांवर चाचणी झाली. दोन वाट्यांना लस, एका वाट्याला लस नसलेलं तसंच औषध. आपल्या बाळाला काय मिळालं हे आईला माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नव्हतं. नाहीतर तुलना खरी होत नाही. तरीही आया हो म्हणाल्या. मला विचाराल तर या कामातला सर्वांत मोठा वाटा त्यांचा. त्यांची नावं कुठे छापून येत नाहीत.

निकाल? रोटाचे गंभीर जुलाब निम्म्याहून थोडे जास्त टळले. सगळे नाही, हे लक्षात घ्या. २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात आली; आपल्या राज्यात रोटाची लस २०१९ साली सुरू झाली. आता पुण्यात बनणारी दुसरी लसही आहे. तिचं मूळही अमेरिकेच्या सरकारी संशोधनातलंच.

गटात कुणाकडे तान्हं बाळ असेल तर कार्ड बघा. दीड, अडीच, साडेतीन महिने असे तीन डोस मोफत मिळतात. राहिला असेल तर पहिला डोस वर्षाच्या आत घेता येतो. लस घेऊनही जुलाब झालेच तर लगेच ओआरएस सुरू करा, अंगावरचं दूध चालू ठेवा आणि झिंकच्या गोळ्या आशाताईला विचारून चौदा दिवस पूर्ण द्या. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. बाळ मलूल झालं, दूध ओढेना, तर वाट न बघता दवाखाना गाठा.