डॅशहाउंडच्या पाठीचे दुखणे

डॅशहाउंडच्या मानेत सात, छातीच्या भागात तेरा आणि कमरेत सात मणके असतात. इतर कुत्र्यांच्या तुलनेत त्याच्या कण्यात एकही मणका जास्त नसतो. जर्मनीत बॅजरच्या बिळात शिरून शिकार करण्यासाठी ही जात जोपासली गेली आणि त्यासाठी आखूड पायांची पिल्ले पिढ्यान्‌पिढ्या निवडली गेली. पाय आखूड करणारा आनुवंशिक बदल कूर्चेच्या वाढीशी निगडित आहे. कूर्चेतला हाच दोष मणक्यांमधल्या गाद्यांनाही भोवतो. बाराव्या गुणसूत्रावर असलेल्या एका जनुकाच्या जादा प्रतीचा गाद्यांच्या आजाराशी थेट संबंध असल्याचे २०१७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी दाखवले. डॅशहाउंडखेरीज फ्रेंच बुलडॉग, बीगल, पेकिनीज, शित्झू आणि कॉकर स्पॅनियल या जातींतही हा आजार दिसतो.

दोन मणक्यांमधल्या गादीचे दोन भाग असतात. बाहेर चिवट तंतूंचे कडे आणि आत पाणीदार, मऊ गर. उडी मारताना बसणारा धक्का हा गर पसरवून घेतो. डॅशहाउंडमध्ये पिल्लू वर्षाचे होईपर्यंतच या गरातले पाणी कमी होऊ लागते आणि त्यात कॅल्शियम साठते. गर खडूच्या भुकटीसारखा कोरडा झाला की धक्का सोसण्याचे काम थांबते, सगळा ताण बाहेरच्या कड्यावर येतो आणि एके दिवशी ते वरच्या बाजूने फाटते. गादीच्या वरच मज्जारज्जू असतो. बाहेर आलेला गर त्याच्यावर आदळतो आणि तिथेच दाबून राहतो. आतला गर असा एकदम बाहेर पडणे आणि गादी हळूहळू फुगत जाणे, हे दोन प्रकार स्वीडनच्या हॅन्सन यांनी १९५२ मध्ये वेगळे करून मांडले. बुटक्या जातींत बहुधा पहिला प्रकार आढळतो, तोही ऐन उमेदीत, साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात. छाती संपून कंबर सुरू होते तिथल्या गाद्या सर्वांत जास्त वेळा फाटतात. ज्या उडीनंतर कुत्रा खाली बसला, ती केवळ निमित्त ठरते. गादी आतून आधीच झिजलेली असते.

मागचे पाय लुळे पडण्याआधी बऱ्याचदा पाठ दुखू लागते. हा काळ काही तासांचा असतो किंवा काही दिवसांचा, आणि त्यातच दुखणे ओळखले गेले तर पुढचे बरेच काही टळते. कुत्रा पाठीला पोक काढून उभा राहतो. सोफ्याजवळ येतो, वर पाहतो, पण चढत नाही. जिना उतरताना पहिल्या पायरीवरच थबकतो. उचलायला गेल्यावर ओरडतो किंवा अंग आक्रसून घेतो. मानेची गादी असेल तर मान खाली धरून चालतो आणि खाली ठेवलेल्या भांड्याशी तोंड नेणे टाळतो. पाठ दुखत असताना पोटाचे स्नायूही ताठ होतात, त्यामुळे अनेक घरांत पोटदुखी समजून ओवा किंवा पाचक औषध दिले जाते आणि वेळ निघून जातो. यापुढची पायरी म्हणजे मागच्या पायांची चाल बिघडणे. पाय एकमेकांत अडकतात, वळताना मागचा भाग झोकांड्या खातो आणि फरशीवर नखे घासल्याचा आवाज येतो. मागच्या पंजाच्या मधल्या नखांची टोके वरून झिजलेली दिसली, तर पाय ओढला जात आहे हे नक्की.

पशुवैद्यकाच्या टेबलावरची तपासणी साध्या गोष्टींपासून सुरू होते. कुत्र्याला उभे करून पोटाखाली हाताचा आधार देतात आणि मागचा एक पंजा उलटा करून त्याची वरची बाजू टेबलाला टेकवतात. निरोगी कुत्रा पंजा लगेच सरळ करतो. मज्जारज्जूवर दाब असलेला कुत्रा त्याच उलट्या पंजावर उभा राहतो, कारण पंजा कसा ठेवला आहे ही खबर मेंदूपर्यंत पोचतच नाही. मग कण्याच्या दोन्ही बाजूंची कातडी मागून पुढे हलकेच चिमटत नेतात. ज्या जागेपासून पुढे कातडी थरथरू लागते, तिच्या आसपास दुखापत असते. पाय पूर्ण लुळे असतील तर शेवटी बोटाचे हाड चिमट्याने जोरात दाबून वेदना कळते का, हे पाहतात. इथे नवख्याची फसगत होते. पाय झटक्याने मागे गेला म्हणजे वेदना कळली असे नाही; ती हालचाल कमरेतल्या मज्जारज्जूच्या पातळीवरच होते. कुत्रा मान वळवून पाहील, ओरडेल किंवा चावायला येईल, तरच वेदना मेंदूपर्यंत पोचली असे मानतात.

या तपासणीवरून आजाराच्या पाच पायऱ्या ठरतात : केवळ दुखणे, लडखडत चालणे, पाय हलतात पण उभे राहता येत नाही, पाय पूर्ण लुळे पण वेदना कळते, आणि वेदनाही कळत नाही. साध्या एक्स-रेमध्ये कॅल्शियम साठलेल्या गाद्या दिसू शकतात, मज्जारज्जू मात्र दिसत नाही. नेमकी जागा आणि दाब पाहायचा तर एमआरआय किंवा सीटी स्कॅन लागतो.

पहिल्या दोन पायऱ्यांवर मुख्य उपचार म्हणजे विश्रांती, आणि ती कडक हवी. कुत्र्याला किमान चार आठवडे पिंजऱ्यात किंवा आखलेल्या छोट्या जागेत ठेवावे लागते. उभे राहता येईल, वळता येईल, पाय पसरून झोपता येईल, पण धावता किंवा उडी मारता येणार नाही, एवढीच ती जागा असावी. शी-शूसाठी बाहेर काढायचे तेही पट्टा बांधून आणि पोटाखालून टॉवेलचा आधार देऊन. खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होते. औषधाने वेदना थांबते, कुत्रा शेपटी हलवतो, दाराची बेल वाजली की उसळतो आणि घरच्यांना तो बरा झाल्यासारखा वाटतो. फाटलेले कडे मात्र अजून भरून आलेले नसते. अशा वेळी दया येऊन त्याला मोकळे सोडले, तर उरलेला गर बाहेर येऊन पाय जाऊ शकतात.

औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत. घरातली माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयबुप्रोफेन, कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला घातक ठरतात. मेलॉक्सिकॅमसारखे औषध चालू असताना स्टेरॉइड दिले तर जठरात व्रण होऊन रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून आधी काय दिले आहे ते न लपवता सांगावे. तेल लावून पाठ रगडणे पूर्ण वर्ज्य.

उभे राहता येत नसेल, किंवा विश्रांती असूनही लक्षणे वाढत असतील, तर शस्त्रक्रियेचा विचार लगेच करावा लागतो. मणक्याच्या कमानीचा एका बाजूचा भाग काढून आत साचलेला गर साफ करतात. वेदनेची जाणीव शाबूत असलेल्या दहापैकी नऊ किंवा त्याहून अधिक कुत्री यानंतर पुन्हा चालतात. ती जाणीव गेलेली असेल तर हे प्रमाण साधारण निम्म्यावर येते. त्यामुळे पाय लुळे पडल्यावर रात्रभर वाट पाहणे महागात पडते.

लुळ्या कुत्र्याच्या शुश्रूषेत सर्वांत आधी मूत्राशयाकडे लक्ष द्यावे लागते. अंथरूण ओले दिसले म्हणजे लघवी नीट होते, असा समज होतो; पुष्कळदा ते गच्च भरलेल्या मूत्राशयातून झिरपणारे पाणी असते. मागच्या पायांच्या थोडे पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवले की गोल, टणक मूत्राशय हाताला लागते. दोन्ही हात हळूहळू जवळ आणत, शेपटीच्या दिशेने एकसारखा दाब दिला की धार लागते. धार तुटेपर्यंत दाब सोडायचा नाही आणि झटका द्यायचा नाही. दिवसातून तीन-चार वेळा हे करावे लागते. पशुवैद्यकाकडून ते हाताला हात लावून शिकून घ्यावे. कूस बदलणे, अंथरूण कोरडे ठेवणे आणि सांगितल्या वेळेपासून सांध्यांचे हलके व्यायाम हेही त्यात येते.

बरा झालेल्या कुत्र्याची दुसरी गादी पुढे फाटू शकते, म्हणून काही सवयी कायमच्या बदलतात. वजन आटोक्यात हवे. बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत. मानेच्या पट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस वापरावा. गुळगुळीत फरशीवर वावरण्याच्या वाटेत चटया अंथराव्यात आणि पलंगाला उतरण बसवावी. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली घेऊन पाठ आडवी, सरळ ठेवावी.

हा आजार मुळातून कमी करण्याची जागा प्रजननात आहे. डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये पैदाशीच्या डॅशहाउंडांचे दोन ते चार वर्षांच्या वयात एक्स-रे काढून कॅल्शियम साठलेल्या गाद्या मोजतात आणि जास्त गाद्या असलेल्यांपासून पिल्ले घेत नाहीत. पिल्लू घेणाऱ्यानेही त्याच्या आईबापांना पाठीचा त्रास झाला होता का, हे विचारून घ्यावे. ज्याची पाठ एकदा गेली आहे, त्या कुत्र्यापासून पिल्ले घेऊ नयेत.