व्यसन एकाचे, उपचार घराचा : डॉ. अनिता अवचट आणि मुक्तांगण

कुटुंबोपचार हा घटक शिकताना मरे बोवेन, व्हर्जिनिया सटीर, साल्वादोर मिनुचिन ही नावे तुमची पाठ होतात. पण सासूबाई, दीर, उधारीचा वाणी आणि कान देऊन ऐकणारे शेजारी यांच्यासकट जे आपले घर असते, त्या घरात या कल्पनेचे काय होते, हे क्रमिक पुस्तकात फारसे येत नाही. म्हणून या पाठात आपण पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचे उदाहरण घेऊ.

डॉ. अनिता (सुनंदा) अवचट यांनी पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजमध्ये वैद्यकीय शिक्षण घेतले. पुढे येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करत होत्या. पती अनिल अवचट डॉक्टर होऊनही लेखनाकडे वळले, आणि घर बराच काळ अनिताताईंच्या पगारावर चालले. १९८० च्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे लोकांच्या भाषेत 'गर्द', शहरांत पसरू लागली. अनिल यांनी त्यावर लेख लिहिले. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पु.लं.च्या हस्ते मुक्तांगण सुरू झाले. जागा मनोरुग्णालयाच्या आवारातलीच होती. उपचार घेणाऱ्याला तिथे 'रुग्णमित्र' म्हणतात. अनिताताईंचे विचार ग्रंथापेक्षा या केंद्राच्या रचनेत अधिक दिसतात, म्हणून आपणही रचनेकडेच पाहू.

घर बदललेले असते

समजा, एक माणूस दहा वर्षे दारू पितो. पहिल्या वर्षी बायको भांडते, बाटल्या लपवते. मग त्याच्या ऑफिसात फोन करून "ताप आलाय" असे सांगू लागते. वाण्याची उधारी तीच फेडते, माहेरी मात्र काही कळू देत नाही. हळूहळू पैशाचे सगळे व्यवहार तिच्या हाती येतात. सोळा वर्षांचा मुलगा घरातला कर्ता होतो, धाकटी मुलगी आवाज न करता जगायला शिकते. अमेरिकेत जोन जॅक्सन या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५४ साली मद्यपींच्या कुटुंबांतल्या या जुळवून घेण्याचे टप्पे मांडले होते. आपल्या गल्लीतली दोन-तीन घरे आठवून पाहा, टप्पे ओळखू येतील.

आता हा माणूस उपचार घेऊन, दारू सोडून घरी येतो. पगार आपल्या हातात राहावा असे त्याला वाटते. बायकोला त्याचा भरवसा नाही. तो अर्धा तास उशिरा आला की ती तोंडाचा वास घेते. मुलाला ऐन तारुण्यात मिळालेले कर्तेपण सोडवत नाही. बाप रागावला तर मुलगा म्हणतो, "इतकी वर्षं कुठे होतात?" दारू गेली, पण तिच्याभोवती बसलेली घडी तशीच राहिली. कुटुंबोपचारात याला समस्थिती म्हणतात. कुटुंब ही एक प्रणाली असते आणि ती सवयीच्या तोलाकडे परत ओढ घेते, मग तो तोल दुःखाचा का असेना. पुन्हा पिण्याचे एक कारण इथे सापडते, आणि ते केवळ त्या माणसाच्या इच्छाशक्तीत शोधून मिळत नाही.

म्हणूनच मुक्तांगणमध्ये कुटुंबीयांच्या भेटी आणि समुपदेशन हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णमित्रांच्या पत्नींसाठी तिथे 'सहचरी' हा स्वतंत्र गट आहे. अमेरिकेत मद्यपींच्या नातेवाइकांसाठी १९५१ साली अल-अनॉन सुरू झाली, तिच्याशी याचे नाते आहे. मात्र आपल्याकडे अशा गटात बसलेल्या बाईला नवऱ्याच्या व्यसनासोबत "तूच त्याला सांभाळायला कमी पडलीस" हे सासरचे वाक्यही झेलावे लागते.

दोष कोणाचा?

इथे परीक्षेच्या उत्तरांत हमखास घसरण होते. "पत्नीच्या वागण्यामुळे व्यसन टिकते" असे विद्यार्थी लिहितात आणि पुढच्या मुद्द्याकडे जातात. बायकोने ऑफिसात खोटे सांगितले, त्यामुळे नवऱ्याला परिणाम भोगावे लागले नाहीत, हे खरेच आहे. पण तिने तसे सांगितले नसते तर नोकरी गेली असती आणि मुलांची फी थकली असती. एखादे वागणे व्यसनाला आधार देते असे म्हणणे वेगळे, आणि व्यसनाची जबाबदारी तिच्यावर टाकणे वेगळे. रेचेल हेअर-मस्टिन यांनी १९७८ साली कुटुंबोपचारावर नेमकी हीच टीका केली : सगळ्यांना एकाच प्रणालीचे सारखे भाग मानले, की घरात सत्ता कोणाकडे आहे हे नजरेआड होते. मारणारा आणि मार खाणारी यांना 'परस्परसंबंधाचे दोन घटक' म्हणून मोकळे होता येत नाही. माझ्या मते हा मुद्दा पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या परिच्छेदात नव्हे, पहिल्याच पानावर हवा.

सहचरीसारख्या गटाचे मोल यामुळेच आहे. बाई तिथे नवऱ्याच्या उपचाराची मदतनीस म्हणून येते तशीच स्वतःसाठीही येते. 'पिणे थांबवणे माझ्या हातात नाही, पण माझे कमावणे, माझी झोप, मुलांचा अभ्यास माझ्या हातात आहे', ही विभागणी तिला इतर बायकांच्या बोलण्यातून सापडू शकते. तज्ज्ञाने सांगितलेले पटत नाही तेव्हा शेजारच्या खुर्चीवरच्या बाईचे पटते. बोवेन यांच्या 'स्व-विभेदन' या बोजड संज्ञेचा व्यवहारातला एक अर्थ हाच आहे : नात्यात राहूनही आपला वेगळा तोल सांभाळणे.

१९९७ साली डॉ. अनिता अवचट यांचे कर्करोगाने निधन झाले. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर या मानसशास्त्रज्ञ आहेत आणि पुढे केंद्राची धुरा त्यांनी सांभाळली. व्यसनी स्त्रियांसाठी मुक्तांगणने 'निशिगंध' हा वेगळा विभागही सुरू केला. स्वाध्याय म्हणून वरचे उदाहरण उलटे करून लिहा : पिणारी बायको आहे, नवरा नोकरी करतो. ऑफिसात फोन कोण करेल, माहेरी काय सांगितले जाईल, आणि तिला भेटायला केंद्रात कोण येईल?