डेक्कन जिमखान्यापासून अँटवर्पपर्यंत

भिलाईत राहणाऱ्या कोणालाही दल्ली-राजहरा हे नाव अपरिचित नाही. इस्पात कारखान्याला लागणारे लोहखनिज तेथील डोंगरांतून येते, हे येथे शाळकरी मुलेही सांगतात. मात्र भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, त्याच्या अर्धशतकाहूनही अधिक काळ आधी एका गृहस्थाने हे डोंगर पायी तुडवले होते, ही गोष्ट त्या मानाने कमी लोकांना ठाऊक आहे. हे गृहस्थ म्हणजे जमशेटजी टाटा यांचे ज्येष्ठ पुत्र दोराबजी.

सन १९०३ च्या सुमारास सरकारी कामासाठी ते नागपूरला आले असता वेळ काढण्यासाठी तेथील संग्रहालयात शिरले. भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता आणि त्यात दुर्गच्या परिसरात लोखंड दर्शविणाऱ्या काळसर खुणा होत्या. भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी या भागातील खनिजाची नोंद त्यापूर्वीच करून ठेवली होती. नोंद होती, नकाशाही होता. येणारेजाणारे तो पाहतही असणार. परंतु त्या खुणांचा अर्थ काय होतो, हा प्रश्न विचारणारा माणूस त्या दिवशी तेथे आला. सी. एम. वेल्ड या अमेरिकन तज्ज्ञाला सोबत घेऊन दोराबजी दुर्गकडे निघाले आणि राजहराच्या टेकड्यांवर त्यांना अत्यंत समृद्ध खनिज आढळले. पुढे योग्य कोळसा आणि पुरेसे पाणी जवळपास नसल्याने बेत बदलला, मयूरभंजमधील खनिजाचा शोध लागला आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, उभा राहिला. दल्ली-राजहराच्या डोंगरांना भिलाईची वाट पाहत थांबावे लागले.

हा प्रसंग येथे सांगण्याचे कारण लोखंड नव्हे. रूक्ष वाटणाऱ्या नोंदीकडे पाहून त्यात दडलेले मोल ओळखण्याची जी दृष्टी नागपूरच्या संग्रहालयात दिसली, तीच सुमारे पंधरा वर्षांनी पुण्याच्या एका क्रीडासंस्थेच्या मैदानावर पुन्हा दिसली. त्या वेळी नोंद होती धावण्याच्या शर्यतींच्या निकालांची.

स्थानिक क्लबांच्या मैदानी स्पर्धांचे निकाल वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापले जातात. अमुक पल्ला, पहिला अमुक, वेळ तमुक. ज्यांच्या घरचे मूल त्या यादीत असते, त्यांच्याखेरीज तो मजकूर सहसा कोणी वाचत नाही. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांचे निकालही त्याच जातीचे होते.

आज पुण्यात 'डेक्कन' म्हटले की बसथांबा, उपाहारगृहे आणि संध्याकाळची गर्दी डोळ्यांसमोर येते. ज्या संस्थेमुळे त्या भागाला हे नाव मिळाले ती मागाहून आठवते. डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. त्या काळी जिमखाना म्हटला की बहुधा गोऱ्या अधिकाऱ्यांची करमणुकीची जागा, किंवा मुंबईत ज्या त्या समाजाचा वेगळा क्लब. पुण्यातील सुशिक्षित मंडळींनी स्वतःच्या बळावर जिमखाना उभारला, तेथे पाश्चात्त्य खेळांबरोबर देशी खेळांनाही जागा दिली आणि मैदानी शर्यती भरविण्याचा परिपाठ ठेवला. हौस मोठी होती. तांत्रिक ज्ञान मात्र तितके नव्हते, हे मान्य करावे लागेल.

सन १९१९ मध्ये या स्पर्धांचे अध्यक्षस्थान सर दोराबजी टाटा यांच्याकडे होते. त्यांचे शिक्षण केंब्रिजला झाले होते, स्वतः ते खेळाडू वृत्तीचे होते आणि इंग्लंडमधील मैदानी स्पर्धा कशा चालतात, याची त्यांना चांगली कल्पना होती. पुण्यात त्यांनी जे पाहिले ते मात्र निराळेच होते. धावणारे बहुतेक तरुण शेतकरी कुटुंबांतले. शेतात राबणारे, साधे आणि तुटपुंजे अन्न खाणारे. युरोपीय नियमांशी त्यांची ओळख नव्हती, शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते, पायांत काही नव्हते. तरीही त्यांच्या वेळा हातात घेऊन दोराबजींनी युरोपातल्या वेळांशी ताडून पाहिल्या, तेव्हा फरक त्यांच्या अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला. पुढे १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ही हकीकत स्वतःच नमूद केली आहे.

येथे हे ध्यानात घेतले पाहिजे की, गावोगावी वेगाने धावणारे तरुण त्यापूर्वीही होतेच. अमक्या गावचा गडी घोड्याच्या बरोबरीने पळतो, अशा कथा महाराष्ट्रात कमी नाहीत. जिमखान्याने वेगळे केले ते इतकेच की, पल्ला मोजला, घड्याळ लावले आणि आकडा कागदावर उतरवला. तो कागद नसता तर दोराबजींना तुलना करण्यासाठी हाती काहीच नव्हते. हिशेबाच्या वह्या सांभाळणाऱ्यांना या गोष्टीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्यापाशी दोराबजींनी विषय काढला : १९२० मध्ये बेल्जियमच्या अँटवर्प शहरात ऑलिंपिक स्पर्धा होणार आहेत, हिंदुस्थानने त्यांत भाग घेतला तर? पारतंत्र्यातील देशाला स्वतंत्र प्रवेश मिळणे सोपे नव्हते. लॉइड यांनी इंग्लंडमध्ये पाठपुरावा केला आणि मान्यता मिळाली. तत्पूर्वी १९०० मध्ये पॅरिस येथे नॉर्मन प्रिचर्ड यांनी भारताच्या नावावर दोन रौप्यपदके मिळविली होती. परंतु ते एकट्याचे जाणे होते. संघ निवडून, निधी उभारून देशाच्या वतीने खेळाडू पाठविण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता.

तयारीच्या काळातला एक किस्सा नेहमी सांगितला जातो. शंभर मीटरसाठी ऑलिंपिकमध्ये उतरायचे तर किती वेळेत धावावे लागेल, असे जिमखान्याच्या एका जाणत्या सभासदाला विचारण्यात आले. 'एक-दोन मिनिटे असतील,' असे उत्तर आले. तेथे मिनिटांचा नव्हे, सेकंदांचा, किंबहुना सेकंदाच्या दशांशाचा हिशेब असतो, हे ऐकून ते गृहस्थ थक्क झाले. या गोष्टीवर हसू येणे साहजिक आहे. परंतु ज्या मंडळींना मानकही ठाऊक नव्हते, त्यांनी त्याच वर्षी संघ जहाजावर चढविला, ही त्या किश्श्याची दुसरी बाजू आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे.

पैशाचा प्रश्न होताच. सरकारने काही मदत दिली, काही धनिकांनी हात दिला आणि मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. सर्वसामान्य जनतेकडून फारसे काही जमले नाही. ते नवलाचे नाही. ऑलिंपिक हा शब्दच तेव्हा किती जणांच्या कानांवरून गेला असेल?

निवड झाली ती सहा जणांची. धावपटू चौघे : बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले, सदाशिव दातार, पूर्मा बॅनर्जी आणि कैकाडी. मल्ल दोघे : कुमार नवले आणि रणधीर शिंदे. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत आणि डॉ. फैजी. ही मंडळी समुद्रमार्गे आधी इंग्लंडला गेली आणि तेथे काही आठवडे त्यांनी सराव केला. मातीतल्या माणसांना आखीव धावपट्टी, बूट, परके अन्न आणि परके हवामान यांची एकदमच सवय करून घ्यावी लागली. इकडे १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत लोकमान्य टिळकांचे निधन झाले. पुण्याच्या जिमखान्याने पाठविलेले हे खेळाडू त्या वेळी मायदेशापासून हजारो मैल दूर होते. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, १४ ऑगस्टला, अँटवर्पच्या स्टेडियमवर ते उद्घाटनाच्या संचलनासाठी उभे राहिले. महायुद्धाच्या जखमा भरत असलेल्या त्या शहरात पाच वर्तुळांचा ऑलिंपिक ध्वज प्रथमच स्पर्धास्थळी फडकला आणि खेळाडूंची शपथही प्रथमच घेतली गेली.

निकाल आता पाहू. पूर्मा बॅनर्जी शंभर आणि चारशे मीटरमध्ये उतरले आणि दोन्ही ठिकाणी प्राथमिक फेरीतच थांबले. नवले यांची कुस्ती लवकर आटोपली. रणधीर शिंदे यांची गोष्ट मात्र जिवाला चुटपूट लावणारी आहे. मुक्त पद्धतीच्या कुस्तीत ते फेदरवेट गटात कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत जाऊन पोहोचले. ती लढत त्यांनी ब्रिटनच्या बर्नार्ड यांच्याकडून गमावली आणि ते चौथे आले. भारताला कुस्तीतले पहिले ऑलिंपिक पदक मिळण्यासाठी त्यानंतर ३२ वर्षे थांबावे लागले. ते १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी आणले.

आता २२ ऑगस्ट १९२० ची मॅरेथॉन. अँटवर्पची मॅरेथॉन आजच्या प्रमाणित ४२.१९५ किलोमीटरची नव्हती. तो पल्ला ४२.७५ किलोमीटरचा होता आणि ऑलिंपिकच्या इतिहासात त्याहून लांब मॅरेथॉन झालेली नाही. फिनलंडचे हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिले आले. एस्टोनियाचे युरी लोसमान त्यांच्या मागे तेरा सेकंदही नव्हते. दातार यांना शर्यत पूर्ण करता आली नाही. चौगुले धावत राहिले आणि एकोणिसावे आले.

एकोणिसावा क्रमांक ऐकून वाचकांपैकी कोणी निराश होईल, म्हणून थोडा हिशेब मांडणे बरे. चौगुले यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंद. विजेत्यापेक्षा १८ मिनिटे अधिक. पल्ल्याला वेळेने भागले तर प्रत्येक किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी लागतात. त्याच गतीने आजची प्रमाणित मॅरेथॉन धावली तर ती साधारण २ तास ४८ मिनिटे ३० सेकंदांत संपेल. आज पाण्याची सोय, पायांत खास बूट आणि अनेक महिन्यांचा आखलेला सराव असताना मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये हौसेने धावणाऱ्या हजारोंपैकी तीन तासांच्या आत पोहोचणारे मोजकेच असतात. बेळगावच्या त्या तरुणाला याची तयारी करण्यासाठी मिळालेला अवधी काही महिन्यांचाच होता.

पदक एकही नाही, म्हणून परतलेल्या संघाचे कौतुक बेताचेच झाले असावे. परंतु सुरुवात झाली होती. सन १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी अखिल भारतीय पातळीवर निवड झाली आणि १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन होऊन सर दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. हॉकीच्या सुवर्णयुगाची चर्चा आपण नेहमी करतो. त्याआधीचे हे प्रकरण मात्र मागे पडते. मराठी माणसांच्या एका क्लबाच्या वाट्याला हे श्रेय यावे तितके आलेले नाही, असे म्हणणे भाग आहे.

जिमखान्यावर अनवाणी धावणाऱ्या मुलांच्याच मातीतून पुढेही धावपटू येत राहिले. साताऱ्याच्या माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ येथे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या. बीड जिल्ह्यातील मांडवा येथील शेतकरी कुटुंबातले अविनाश साबळे यांनी २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्यपदक मिळविले. त्यांची वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद आणि सुवर्ण मिळविणाऱ्या केनियाच्या अब्राहम किबिवोट यांची ८ मिनिटे ११.१५ सेकंद. अंतर केवळ पाच शतांश सेकंदाचे.

शंभर मीटरला एक-दोन मिनिटे लागतील, असे समजणाऱ्या त्या सभासदाला हे कोणी सांगितले असते तर त्याचा विश्वास बसला नसता. अँटवर्पच्या नोंदींत चौगुले यांच्या नावापुढील आकडाही ४५ सेकंदांवर थांबत नाही. पावणेतीन तासांहून अधिक काळ धावलेल्या त्या माणसाच्या खात्यावर शेवटचे चार दशांशही जमा आहेत.