डेरिकाभर तांदळाचा हिशेब

लेगोसच्या बाजारात तांदूळ आणि चवळी मापाने विकतात. लहान माप म्हणजे ‘डेरिका’. मुळात हा टोमॅटो पेस्टचा रिकामा डबा, ब्रँडचंच नाव त्याला चिकटलेलं. कसाव्याच्या कंदापासून केलेली गारी जास्त हवी असेल तर रंगाची बादली पुढे येते, तिला म्हणतात ‘पेंट’. नायजेरियातली कुटुंबं महागाई ओळखतात ती या मापांवरून.

जग मात्र हा देश डॉलरमध्ये मोजतं. जून 2023 मध्ये नायरा या तिथल्या चलनाचा विनिमय दर बाजारावर सोडला गेला. तोवर सुमारे 460 नायराला मिळणारा डॉलर वर्षभरात 1500 च्या घरात पोचला. तेवढेच नायरा कमावणाऱ्याची डॉलरमधली कमाई दोन-तृतीयांशाहून अधिक आटली.

मग ताटही तेवढंच रिकामं झालं का? तसं नाही. न्हाव्याची मजुरी, खोलीचं भाडं, गावचा कसावा यांचे भाव डॉलरइतके वेगाने चढत नाहीत. यासाठीच अर्थतज्ज्ञ ‘क्रयशक्ती समानता’ वापरतात. सारख्याच वस्तूंना आणि सेवांना त्या-त्या देशात किती पैसे पडतात, हे पाहून चलनांची तुलना करायची. जागतिक बँकेच्या पुढाकाराने 2021 साली 176 अर्थव्यवस्थांची अशी तुलना झाली. या मापाने नायजेरियाची अर्थव्यवस्था एक लाख कोटी डॉलरच्या पुढे जाते.

पण हे माप साऱ्या देशाच्या सरासरी खर्चावर बेतलेलं असतं. गरिबाची पिशवी वेगळी असते. 2019 च्या सरकारी पाहणीनुसार नायजेरियन कुटुंबांच्या एकूण खर्चातला 56 टक्क्यांहून अधिक वाटा खाण्यावर जात होता. मे 2023 मध्ये पेट्रोलवरचं अनुदान बंद झालं, वाहतूक महागली आणि उत्तरेकडून लेगोसला येणारा भाजीपालाही. जून 2024 मध्ये अन्नधान्याची महागाई वर्षाला 40 टक्क्यांवर होती.

पुढच्याच महिन्यात किमान वेतन 30,000 वरून 70,000 नायरा झालं. कागदावर दुपटीहून जास्त. डॉलरमध्ये मात्र, जून 2023 आधीच्या दराने साधारण 65 असलेलं वेतन नव्या दराने साधारण 46. यातला कुठलाच आकडा एकट्याने घरातली स्थिती सांगत नाही.

नव्या कायद्यानुसार या वेतनाचा फेरविचार आता पाचऐवजी तीन वर्षांनी होणार आहे. त्या वेळी डॉलरच्या दराआधी बाजारात डेरिकाभर तांदळाला काय पडतं, हे पाहिलं गेलं पाहिजे.