शिंगराच्या पाठीवर घाई नको

मुंबईला गेलेल्यांनी जुहूच्या चौपाटीवर पोरांना फिरवणारे घोडे पाहिले असतील. भुसभुशीत कोरड्या वाळूत पळताना खूर रुततो आणि पायामागच्या शिरा ताणतात. आपल्या गावाकडे उलट, डांबरी सडकेवर टापा आपटतात. दोन्हीकडे जास्त भोगते ते कोवळे शिंगरू.

डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली. जुन्नर, खेड, आंबेगावच्या घाटांत बैलांपुढे पुन्हा घोडी धावू लागली. मग सारंगखेड्याच्या बाजारातून दोन वर्षांचे देखणे जनावर आणावे आणि लगेच घाटात उतरवावे, असा मोह होतो. शेतकरी बंधूंनो, असे करू नका.

“महालक्ष्मीच्या रेसमध्ये दोन वर्षांचे घोडे धावतातच की!” असे कुणी म्हणेल. तिथे धावपट्टी राखलेली असते, डॉक्टरची नजर असते. तरीही कोवळी जनावरे लंगडतात. घोड्याच्या पुढच्या गुडघ्यावरचे हाड पुरते जुळायला दोन-अडीच वर्षे लागतात, पाठीच्या कण्याला पाच वर्षे किंवा त्याहून अधिक.

विकणारा सांगेल ते वय मानू नका, तोंड उघडून पाहा. समोरचे मधले पक्के दात अडीच वर्षांच्या सुमारास येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला.

खुराकातही चूक होते. लवकर भरावे म्हणून हरभरा आणि गव्हाचा कोंडा भरमसाट घालतात. शिंगरू झपाट्याने वाढते, पण सांध्यातली कूर्चा नीट हाड बनत नाही; कधी तिचा तुकडाच सुटतो. शिवाय कोंड्यात स्फुरद फार आणि चुना कमी, त्यामुळे हाडे ठिसूळ होतात. चांगले वाळले गवत, थोडा लसूणघास आणि डॉक्टरांनी सांगितलेले क्षारमिश्रण द्या. दिवसभर दावणीला बांधू नका. मोकळ्या रानात आपल्या मनाने बागडण्यानेच हाडे घट्ट होतात. स्वार बसवायचा तो तिसऱ्या वर्षानंतर, हलका आणि थोडा वेळ. भरधाव दौड त्याहून उशिरा.

सांध्यावर सूज, पाय टेकताना कचरणे किंवा सकाळचा ताठरपणा दिसला, तर काम त्याच दिवशी थांबवा. पंधरा-वीस मिनिटे गार पाणी सोडा. तापल्या लोखंडाचा डाग देऊ नका. दुखणे दाबणारी सुई टोचून शर्यतीला तर मुळीच नेऊ नका. तालुक्याचा पशुवैद्य गाठा. गरज पडल्यास ते मोठ्या ठिकाणी क्ष-किरण तपासणीला पाठवतील. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे.

दोन वर्षे धीर धरलात, तर हेच जनावर पुढे पंधरा वर्षे तुमच्या दारात उभे राहील.