वार्षिक अहवालातील भाडे : उपाहारगृह उद्योगाचे उदाहरण

कंपनीच्या वार्षिक अहवालात संचालक मंडळाचा अहवाल, लेखापरीक्षकांचे मत, ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोख प्रवाह विवरण व टिपा असतात. दर्शनी पाने आकर्षक असली तरी खरी माहिती बारीक अक्षरांतील टिपांमध्येच सापडते.

उपाहारगृह व्यवसायात कच्चा माल आणि वेतनाबरोबरच जागेचे भाडे हा मोठा खर्च होय. भारतात डॉमिनोजची दुकाने चालविणारी ज्युबिलंट फूडवर्क्स २०१० मध्ये शेअर बाजारात आली. अशा कंपन्यांची बहुतेक दुकाने भाड्याच्या जागेत असतात. १ एप्रिल २०१९ पासून भारतीय लेखा मानक ११६ लागू झाले. तेव्हापासून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचे भावी हप्ते वर्तमान मूल्याने ताळेबंदात दायित्व म्हणून येतात आणि नफा-तोटा पत्रकात भाड्याची जागा घसारा व व्याज घेतात.

समजा, विक्री १०० रुपये, भाडे १० रुपये व इतर खर्च ८० रुपये आहे. व्याज, घसारा व कर यांपूर्वीचा नफा पूर्वी १० रुपये दिसे. आता तो २० रुपये दिसतो. धंदा तोच, जागामालकाला मिळणारी रक्कमही तीच! ही रक्कम आता रोख प्रवाह विवरणात प्रामुख्याने वित्तपुरवठ्याच्या सदरात आढळते. त्यामुळे २०१९ पूर्वीच्या आकड्यांशी थेट तुलना फसवी ठरते. मॉलमधील, विक्रीच्या टक्केवारीवर ठरणारे भाडे मात्र आजही खर्चातच दाखविले जाते.